शेंड्याकडून सुकत येणारी कलमं आणि आम्ही काय काय केलं

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, सासऱ्यांनी लावलेली, सगळी कातळावर. कातळावर म्हणजे कसं, तर जांभ्या दगडात सुरुंग लावून खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, मग झाड कितीही मोठं दिसलं तरी मुळं त्या खड्ड्यात आणि आजूबाजूच्या फटींत वाट मिळेल तिथे गेलेली. देवगडच्या फळाला चव त्यामुळेच आहे असं सगळे म्हणतात, असेलही, पण अशा झाडाच्या गाठीला फार काही नसतं हे मला आता कळलंय. सासरे आजारी पडल्यावर बाग काही वर्षं करारावर दिलेली होती. ते गेल्यावर नवरा म्हणाला परत करारावरच देऊन टाकू, त्याची नोकरी, मुलांच्या शाळा, बघणार कोण. मी म्हटलं मी बघते. आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे ओळखीतले बरेच जण सुकलेल्या फांद्यांचे फोटो पाठवून विचारतायत की वैनी तुम्ही काय मारलंत? त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

पाऊस उघडला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की हा प्रकार डोळ्यावर येतो. पावसात सगळंच हिरवंगार असतं, कळत नाही. मग एकदम दिसायला लागतं की अमक्या कलमाच्या शेंड्याकडच्या चार डहाळ्या तपकिरी झाल्यात. आता पिकलं पान गळतं हे सगळ्यांनाच माहितीये, पण ही पानं गळत नाहीत, कडा वर वळतात, पान सुरळीसारखं होतं आणि तसंच सुकून फांदीला लटकून राहतं, हात लावला की चुरा. मग आठ-पंधरा दिवसांनी बघावं तर डहाळीवरून सुकणं फांदीवर आलेलं असतं. वरून खाली. आमचा जुना गडी, सासऱ्यांच्या वेळचा, तो म्हणाला, "वैनी, ह्यां कलम वरसून सुकत इलां हा, पुढच्या वर्साक आडवी फांदी जातली." आणि तसंच होत गेलं. काही फांद्यांच्या सालीला बारीक उभ्या चिरा आणि त्यातून डिंकाचे थेंब, ताजा डिंक मधासारखा पिवळा आणि जुना झाला की काळा कडक.

गावात फोटो दाखवला की प्रत्येकाकडे निदान तयार असतं. एकजण म्हणाला करपा आहे, एकजण म्हणाला बोरॉन कमी पडलंय, एकाने खाऱ्या वाऱ्यावर ढकललं, आणि औषधाच्या दुकानात तर फोटो नीट मोठा करून न बघताच कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब ह्या बुरशीनाशकांची मिश्र पावडर काउंटरवर आली, सोबत एक टॉनिक, सोबत एक स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून घालायचं द्रव. मी टॉनिक परत दिलं, पावडर घेतली कारण काहीतरी करणं भाग होतं. फवारणी झाली. सुकलेलं होतं ते अर्थात सुकलेलंच राहिलं आणि खाली सरकणंही थांबलं नाही. गडी पुन्हा म्हणाला, "नुसता औषध मारून काय होवचां नाय, कापूक होयां." पण कापायचं कुठे?

ह्याचं उत्तर फांदी उभी चिरल्यावर मिळालं, आणि माझ्या मते ज्याला शंका असेल त्याने पहिलं हेच करावं. अर्धी सुकलेली अर्धी हिरवी अशी अंगठ्याएवढी जाड फांदी घ्यायची आणि कोयत्याने लांबीत दोन फाका करायच्या. आंब्याचं ताजं लाकूड आतून पांढरट-पिवळसर असतं. आमच्या फांदीत शेंड्याकडचा भाग काळपट तपकिरी, आणि तिथून तो रंग रेघारेघांनी खाली उतरलेला होता, एका बाजूने जास्त. गंमत म्हणजे (गंमत कसली) बाहेरून जिथे साल हिरवी होती, पानं ठणठणीत होती, तिथेही आत ती तपकिरी रेघ चांगली वीतभर खाली गेलेली. म्हणजे सुकलेलं संपतं तिथून कापलं तर रोग झाडातच ठेवला. आमच्याकडे सगळे तसंच कापतात, सुकलेलं तेवढं सरपणाला काढायचं, संपलं.

मग कोणीतरी सुचवलं की वेंगुर्ल्याला विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, तिथे सॅम्पल दाखवा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचंच ते केंद्र. फोनवर पहिलं काय सांगितलं असेल तर पूर्ण वाळलेली काटकी आणू नका. वाळलेल्या काटकीवर दहा प्रकारच्या बुरशा चरायला आलेल्या असतात, रोग कोणी केला ते त्यातून कळत नाही. जिवंत आणि मेलेलं जिथे भेटतं तो तुकडा पाहिजे, वर-खाली थोडं जास्तीचं लाकूड ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही कारण त्यात घाम धरतो आणि भलतीच बुरशी माजते. आम्ही तीन-चार वेगवेगळ्या कलमांचे तुकडे नेले, प्रत्येकावर कलमाचा नंबर लिहून.

तिथे काय करतात ते मला बघायला मिळालं, आणि मला ते फार आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू. तपकिरी आणि पांढरं लाकूड जिथे जुळतं तिथून नखाएवढे तुकडे कापतात, ते ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून वरची घाण मारतात, मग स्वच्छ पाण्यात धुवून टिपून एका काचेच्या ताटलीत ठेवतात, ताटलीत बटाट्याच्या पाण्याचं आणि साखरेचं घट्ट केलेलं जेलीसारखं खाद्य असतं. ताटली उबदार जागी. ही बुरशी भलतीच घाईची, दोन-तीन दिवसांत ताटली कडेपर्यंत भरते, आधी पांढरा कापूस, मग राखाडी, मग खालून बघितलं तर काळीशार. पुढे त्यात काळे बारीक दाणे धरतात आणि दाण्यात बीजाणू. मायक्रोस्कोपखाली मला दाखवले, कोवळे असतात ते बिनरंगाचे आणि एकसंध, पिकले की तपकिरी होतात, मधे आडवी भिंत पडून दोन कप्पे होतात आणि अंगावर उभ्या रेघा येतात. ह्या रेघांवरूनच ओळख पटते म्हणे. नाव लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. जुन्या माहितीपत्रकांत बॉट्रिओडिप्लोडिया असं लिहिलेलं सापडेल, तीच ही. सगळ्या तुकड्यांतून तीच निघाली.

आता ह्या बुरशीबद्दल तिथल्या सरांनी जे सांगितलं त्यानंतर माझा बागेकडे बघायचा डोळाच बदलला. ती काही बाहेरून आलेली पाहुणी नाही. निरोगी कलमाच्या फांदीतही ती असू शकते, काही न करता, वर्षानुवर्षं गप्प. झाडात दम आहे तोवर झाड तिला वाढू देत नाही. झाड कमजोर पडलं, म्हणजे पाण्याची ओढ बसली, जखम झाली, किडीने पोखरलं, उपासमार झाली, की ती उठते आणि लाकडातल्या पाण्याच्या वाटा बंद करत खाली सरकते. बाहेरूनही येते अर्थात, मेलेल्या काटक्यांवर जे काळे दाणे असतात त्यातले बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी उडतात आणि करवतीच्या, कोयत्याच्या जखमेतून आत शिरतात. उष्ण आणि दमट हवा तिला मानवते, म्हणजे कोकणात तिला बाराही महिने सोय आहे.

आणि हीच बुरशी फळ देठाकडून कुजवते! हे ऐकल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे. कारण करारवाला शेवटच्या दोन सीझनला सारखी तक्रार करायचा की तुमच्या बागेतला माल वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत देठापाशी काळा पडतोय, पेटी उघडली की चार फळं गेलेली, म्हणून पैसे कापायचा. फळ झाडावरून काढताना चांगलं, आढीत घातलं की देठाच्या बाजूने तपकिरी चट्टा सुरू आणि बघता बघता खाली उतरतो, गर पाणचट. आम्ही सगळे उतरवणाऱ्यांना बोल लावत होतो की देठ ठेवून काढत नाहीत, आपटतात. ते कारण असतंच, देठ तुटलं की वाट मोकळी होते, म्हणून एक-दोन सेंटिमीटर देठ ठेवूनच काढायचं असतं. पण बुरशीचा कारखाना झाडावरच होता, वरच्या वाळलेल्या काटक्यांत. तर ज्यांच्या फळाला देठकूज वाढलीय त्यांनी एकदा मान वर करून शेंडे बघा.

इथे थोडं विषयांतर. माझा धाकटा दीर मस्कतला असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे तर आंब्याची झाडं धडाधड मेली होती. त्यावरून मी सरांना विचारलं. तर ओमानच्या बातिना पट्ट्यात 1998 च्या सुमारास जे सुरू झालं ती वेगळी आणि जास्त भयंकर गोष्ट, तिथली मुख्य गुन्हेगार सेराटोसिस्टिस नावाची बुरशी, 2007 मध्ये तिला सेराटोसिस्टिस मॅन्जिनेकन्स असं नाव दिलं गेलं, पाकिस्तानातही तीच सापडली, आणि तिला सालीत शिरणारा एक अगदी बारीक भुंगेरा इकडून तिकडे नेतो. त्यात अख्खं झाड थोड्या काळात मरतं, पानं न गळता. गंमत अशी की तिथल्या मेलेल्या झाडांतही आपली ही लॅसिओडिप्लोडिया भरपूर सापडायची त्यामुळे सुरुवातीला संशय हिच्यावरच होता. आमच्या सॅम्पलमध्ये ती दुसरी नव्हती. देवाची कृपा म्हणायची.

तर झाड कमजोर कशाने पडलं, हा खरा प्रश्न. सरांनी विचारलं कल्टार किती घालता? मला माहीतच नव्हतं, कारण ते करारवाल्याकडे होतं. मी घरी येऊन मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बघितलं तर मागच्या कोपऱ्यात, फाटक्या जाळ्यांच्या खाली, रिकाम्या बाटल्यांचा ढीग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, बाजारात कुठल्याही कंपनीचं असलं तरी बोलताना सगळे कल्टारच म्हणतात. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, शिवाय मोहोर पुढेमागे होतो, त्यावर हा उपाय. झाडाची लांबायची, पालवायची जी आतली प्रेरणा असते ती हे औषध दाबतं, मग झाड पालवीऐवजी मोहोराकडे वळतं, लवकर वळतं, आणि लवकरच्या पेटीला काय भाव असतो ते सांगायला नको. औषध वाईट नाही, विद्यापीठाचीच शिफारस आहे, पण ती मापात आहे. झाडाचा घेर, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याचा आडवा व्यास, मीटरमध्ये मोजायचा आणि मीटरला 3 मिली, म्हणजे 5 मीटर घेराच्या कलमाला 15 मिली, पाण्यात मिसळून, बुंधा आणि फांद्यांचा शेवट यांच्या मधोमध गोलात भोकं पाडून त्यात ओतायचं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आणि फक्त धडधाकट झाडाला, आणि त्या झाडाला खत वाढवून. मोजपट्टी लावून माप काढणारा करारवाला मी अजून पाहिलेला नाही. बाटलीच्या टोपणाने ओतायचं, दरवर्षी ओतायचं, आणि खत? खत मालकाने घालायचं की करारवाल्याने ह्यावर दोघं गप्प राहायचे म्हणजे कोणीच घालायचं नाही. त्याचं तरी काय, त्याला तीन वर्षांत घातलेले पैसे काढायचेत, चौथ्या वर्षी झाड जगलं काय आणि मेलं काय. आणि हे औषध मातीत बराच काळ टिकून राहतं, कातळावरच्या खड्ड्यात तर जाणार कुठे.

जास्त झालेलं कल्टार झाडावर वाचता येतं. चांगल्या कलमाची पालवी वीत-दीड वीत लांब येते. आमच्या कलमांची पालवी दोन बोटं, पेरं इतकी जवळ जवळ की पानं एका जागी झुपका करून बसलेली, मोहोरही तसाच, आखूड आणि गच्च. गच्च मोहोरात हवा खेळत नाही, भुरी आणि तुडतुड्यांची चंगळ. दरवर्षी फळ घेतलं, पालवी येऊ दिली नाही, पालवी नाही तर नवीन पान नाही, नवीन पान नाही तर झाडाने खायचं काय.

दुसरं कारण खोडकिडा, आमच्याकडे भिरूड म्हणतात. बुंध्यापाशी भुसा पडलेला दिसतो, सालीला भोक, भोकातून डिंक किंवा काळपट पाणी. आत चांगली बोटाएवढी पिवळट पांढरी अळी लाकडात बोगदे काढत बसलेली असते. कमजोर आणि जखमी झाडावर हिचा भुंगा हटकून अंडी घालतो. आमच्या सगळ्यात जास्त सुकलेल्या कलमांपैकी बहुतेकांच्या बुंध्यात भिरूड होती. तारेचा आकडा करून भोकातला भुसा ओढून काढायचा, अळी आली तर उत्तम, नाही तर कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपायचं, दोन दिवसांनी बघायचं, ताजा भुसा दिसला तर पुन्हा. हे काम कंटाळवाणं आहे आणि उकिडवं बसून करायचं असल्यामुळे माणसं टाळतात. मी स्वतः बसले. टॉर्च लावून सालीतून भोक शोधायचं, तार घालायची आणि अळीला तार लागली की हाताला मऊ लागतं ते कळतं, शिसारी येते पण दुसऱ्या कुठल्याही कामात इतकं समाधान नाही.

छाटणी आम्ही पाऊस पूर्ण गेल्यावर, कोरड्या हवेत केली, ओल्या हवेत ताज्या जखमा उघड्या टाकणं म्हणजे त्या बुरशीला घरी बोलावणं. नियम एकच, कापायचं, कापलेलं तोंड बघायचं, लाकडात कुठेही तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर अजून खाली यायचं, आणि सगळं स्वच्छ दिसायला लागल्यावर अजून तीन इंच खाली. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या कलमावर मनगटाएवढी फांदी कापली तर रेघ, खाली आलो तर रेघ, आणखी खाली आलो तर मुख्य बेचकं आलं, तिथेही एका बाजूला डाग. चेनसॉवाला पोरगा थांबला आणि म्हणाला आता काय करू. गडी तोंड फिरवून उभा राहिला, त्याने सासऱ्यांबरोबर त्या कलमाला कावडीने पाणी घातलेलं. बेचक्याच्या खालून घेतलं. अर्धं कलम गेलं. उरलेल्या अर्ध्याचं लाकूड मात्र बघायला स्वच्छ पांढरं.

जाड फांदी असेल तर आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्यायचा आणि मग वरून, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने पडताना साल बुंध्यापर्यंत फाडत नेते. काप तिरका, पाणी साचायला नको. एका कलमावरून दुसऱ्यावर जाताना करवत, कोयता, चेनसॉची पट्टी सगळं स्पिरिटने पुसायचं, ह्यावर माणसं हसतात, हसू देत. आणि निघालेलं लाकूड. आमच्याकडे सुकलेलं लाकूड म्हणजे सरपण, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, उभं करून ठेवायचं, पावसाळ्यात उपयोगी. चुलीत जायला काहीच हरकत नाही, पण पावसाळाभर बागेत पडून राहायला नको कारण त्यावरच ते काळे दाणे धरतात. आम्ही बारीक काटक्या तिथल्या तिथे, आग लागणार नाही अशी जागा साफ करून, जाळल्या आणि जाड लाकूड टेम्पोने बागेबाहेर हलवलं.

कापलेल्या प्रत्येक तोंडाला बोर्डो पेस्ट, त्याच दिवशी. बाजारात तयार डबे मिळतात, पण एवढ्या तोंडांना घरी केलेली स्वस्त पडते. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद जाडसर कुटून फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवायचं, तळाशी टाकलं तर तसंच बसून राहतं. चुना दुसऱ्या बादलीत 5 लिटर पाण्यात फोडायचा, तो चांगला तापतो, जवळ वाकायचं नाही, आणि गार झाल्याशिवाय मिसळायचा नाही. मग दोघांनी दोन्ही बादल्या एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायच्या आणि तिसऱ्याने काठीने ढवळत राहायचं. लोखंडी, पत्र्याचं काही वापरायचं नाही. रंग आभाळी निळा आला पाहिजे. मग घासलेला कोयता थोडा वेळ बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घालायची, पातं स्वच्छ राहिलं की झालं. तांबडं असताना लावलं तर सालीलाच भाजतं. काथ्याचे कुंचले केले आणि लावत सुटलो. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची. फवारणीचं बोर्डो हेच, फक्त 1 टक्क्याचं, म्हणजे तेवढ्याच मोरचूद-चुन्याला 100 लिटर पाणी.

ह्या मिश्रणाची कथा मला आवडते. फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षाचे मळेवाले रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, निळे डाग बघून येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा रोगाने बाकी मळा झोपलाय आणि रस्त्याकडच्या वेली हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. आमच्याकडे चोरांसाठी काहीच चालत नाही, राखणदार ठेवा, कुत्रा ठेवा, एप्रिलमध्ये चार फळं जायची ती जातातच.

कापताना एक गोष्ट वेगळी दिसली ती पण सांगून टाकते. एका दाट सावलीतल्या कलमाच्या फांदीवर सालीवर फिकट गुलाबी-पांढरा पापुद्रा होता आणि त्याच्या पुढचा सगळा भाग वाळलेला. तो गुलाबी रोग, बुरशीच पण वेगळी, जास्त पावसाच्या भागात दाट बागेत येतो. त्यालाही कापणं आणि बोर्डो हेच. पण वाळलेली फांदी दिसली की सगळा एकच रोग समजू नका. बांडगुळानेही पुढची फांदी वाळते, तेही काढलं भरपूर.

खरं काम त्याच्या पुढे होतं. एवढं कापल्यावर बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर थेट ऊन येतं, साल तडकते, तडकलेल्या सालीतून पुन्हा तेच, म्हणून उघड्या पडलेल्या भागालाही पेस्टचा हात दिला. मग कापाच्या खालून डोळे फुटले, एका ठिकाणी झुडूपभर. त्यातले बाहेरच्या अंगाला जाणारे मोजके ठेवून बाकीचे काढले, सगळे ठेवले तर दोन वर्षांत परत अंधार. कोवळ्या पालवीवर करपा हमखास येतो, काळे ठिपके पडून पानं वाकडी होतात, म्हणून पालवीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड, 10 लिटरला 30 ग्रॅम. उन्हाळ्यात कापलेल्या कलमांना ड्रमने पाणी नेऊन घातलं. बागेत विहीर नाही, टेम्पोवर टाकी ठेवून वर चढवायची, खर्च विचारू नका.

जूनमध्ये खत. फांद्यांचा घेर संपतो त्याच्या थोडं आत गोल चर, कातळात चर कसला, जिथे माती असेल तिथे, आणि कलमाला पाच-पाच घमेली कुजलेलं शेणखत, वर रासायनिक मात्रा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. शेणखताला गाडी ठरवायची म्हणजे आता दूर जावं लागतं, गावात गुरं राहिलीत कुठे. कल्टार पूर्ण बंद. सगळ्यांनी सांगितलं दोन वर्षं उत्पन्न विसरा, आणि तसं विसरावंच लागलं. कापलेल्यांना मोहोर नाही, न कापलेल्यांना कल्टार नाही म्हणून उशिरा. एका सीझनला तर बराचसा माल मे महिन्यात आला आणि कॅनिंगला गेला.

आता कशी आहे बाग? सगळी वाचली नाहीत. ज्या कलमांच्या बुंध्यात भिरूड आरपार फिरलेली होती ती गेली, दोन ठिकाणी मुळापासून काढून जागा मोकळी ठेवलीय. पण कापलेल्या बहुतेकांची पालवी आता वीतभर येतेय, कोवळी, तांबूस, लोंबती, आणि ऑक्टोबरात शेंडे तपासायला गेलं तर सुकलेली डहाळी शोधावी लागते. सापडते, नाही असं नाही, बुरशी झाडात आहेच आणि राहणार. सापडली की लगेच तीन इंच खालून काढायची आणि पेस्ट लावायची, बाजारातल्या तयार पेस्टचा छोटा डबा आता कायम मांगरात असतो. देठकुजीची तक्रारही कमी झालीय, पुण्याला आम्ही थेट पेट्या पाठवतो तिथली माणसं तोंडावर सांगणारी आहेत त्यामुळे विश्वास ठेवते.

तर वैनी काय मारलंत ह्याचं उत्तर, मारण्यासारखं फार काही नव्हतंच. औषधाचा खर्च एकूण खर्चात सगळ्यात कमी झाला, करवत, मजुरी, पाणी आणि शेण ह्यातच पैसे गेले.

खालचा तुकडा, रस्त्याच्या पलीकडचा, मला एकटीला होत नाही म्हणून तो यंदा करारावर दिला. कागदावर लिहून घेतलं की कल्टार घालायचं तर आमच्या माणसासमोर, घेर मोजून, आणि कापलेल्या कलमांना अजिबात नाही, खत अर्धं त्यांचं अर्धं आमचं. पहिले दोघं व्यापारी कागद वाचून चहा पिऊन निघून गेले. तिसरा म्हणाला बाई, अशा अटी घालून कोण बाग घेतं, रेट खाली येईल. म्हटलं येऊ दे. बराच खाली आला. पण सही केली त्याने, आणि जुलैत कल्टार घालायच्या आधी मोजपट्टी आहे का तुमच्याकडे म्हणून फोनही त्याचाच आला.